पायांच्या बिघडलेल्या शिरा : लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, ग्लू की फोम? निवड करण्यापूर्वी काय करावे

पायांवर फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा, संध्याकाळपर्यंत जड होणाऱ्या पोटऱ्या आणि घोट्याभोवती काळवंडत चाललेली त्वचा घेऊन रुग्ण पहिल्यांदा तज्ज्ञाकडे जातो, तेव्हा त्याच्यापुढे एकदम चार-पाच नावे येतात : लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, ग्लू, फोम आणि क्वचित फिरत्या तारेची पद्धत. यांपैकी प्रत्येकीबद्दल ‘मोठी चीर नाही, त्याच दिवशी घरी’ असेच सांगितले जाते, आणि ते बहुतांशी खरेही असते. म्हणूनच निवड कशाच्या आधारे करायची हे उमगत नाही. मी स्वतः या उपचारातून गेले आहे आणि त्या काळात जे समजून घ्यावे लागले ते नव्या रुग्णांसाठी क्रमाने मांडत आहे. माझे सांगणे असे आहे की यंत्राच्या नावापासून सुरुवात करू नये. आपल्या पायातील कोणती शीर, कुठून कुठपर्यंत आणि का बिघडली आहे हे आधी नेमके कळले, तर पद्धतीची निवड पुष्कळशी आपोआप ठरत जाते. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. त्यांच्याशी बोलताना आपल्याला नीट प्रश्न विचारता यावेत, एवढाच त्याचा उद्देश आहे.

१. बिघाड नेमका कशात आहे ते समजून घ्या

पायातील रक्त हृदयाकडे वर चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या दाबाने. चालताना स्नायू आकुंचन पावतात, रक्त वर ढकलले जाते, आणि शिरांच्या आतल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटे खाली उतरते, घोट्याजवळचा दाब कायम वाढलेला राहतो आणि त्या दाबातूनच सूज, खाज, त्वचेचा काळसर रंग आणि शेवटी न भरणारी जखम असा क्रम सुरू होतो.

पायात शिरांच्या दोन व्यवस्था असतात. खोल शिरा स्नायूंच्या आत असतात आणि सुमारे ९० टक्के रक्त त्याच वाहून नेतात. वरवरच्या शिरा त्वचेखाली असतात. त्यांतील दोन महत्त्वाच्या म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाणारी ग्रेट सॅफिनस आणि पोटरीच्या मागून गुडघ्यामागे पोहोचणारी स्मॉल सॅफिनस. या लेखातील बहुतेक उपचार या वरवरच्या, बिघडलेल्या शिरा बंद करण्याचे आहेत. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. खोल शिरा निरोगी असतील, तर रक्त त्यांच्यामार्फत अधिक सुरळीत जाते, कारण उलट्या वाहणाऱ्या रक्ताचा फेरा थांबलेला असतो. खोल शिरांची तपासणी न करता उपचार ठरवणे धोक्याचे का, हेही यातूनच कळेल.

आजाराची पायरी सांगण्यासाठी डॉक्टर ‘सीईएपी’ हे वर्गीकरण वापरतात. त्यात सी-१ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी-२ म्हणजे उभे असताना ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद फुगलेल्या शिरा, सी-३ म्हणजे सूज, सी-४ म्हणजे त्वचेतील बदल, सी-५ म्हणजे भरून आलेली जखम आणि सी-६ म्हणजे उघडी जखम. आपल्या कागदावर यांपैकी काय लिहिले आहे ते पाहा. लिहिलेले नसेल तर विचारा. केवळ सी-१ असेल आणि मुख्य शिरेत उलटा प्रवाह नसेल, तर लेझरने ग्रेट सॅफिनस बंद करण्याचे कारण नाही.

पायावरची प्रत्येक सूज शिरांमुळे येत नाही, हेही येथेच सांगायला हवे. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताचे विकार, लसिकावाहिन्यांची सूज, तसेच रक्तदाबासाठी घेतली जाणारी अॅम्लोडिपिनसारखी औषधे यांमुळेही घोटे सुजतात. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, तर आधी ही कारणे तपासून घ्यावीत.

२. उभे राहून केलेली डॉपलर सोनोग्राफी : सगळ्यात महत्त्वाची पायरी

वेळ, लक्ष आणि आग्रह कुठे खर्च करायचा असेल, तर तो या तपासणीवर करा. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे कोणती पद्धत, किती लांबीची शीर आणि कुठून आत शिरायचे, या अहवालावर अवलंबून असते.

उलटा प्रवाह तपासताना रुग्ण उभा असावा लागतो. पूर्ण आडवे झोपवून केलेल्या तपासणीत झडपांचा बिघाड झाकला जाऊ शकतो, कारण त्या स्थितीत रक्ताला खाली उतरण्याचे कारणच उरत नाही. तपासणारी व्यक्ती पोटरी दाबून सोडते आणि रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजते. वरवरच्या शिरांमध्ये ०.५ सेकंदापेक्षा जास्त, तर मांडीतील आणि गुडघ्यामागील खोल शिरांमध्ये १ सेकंदापेक्षा जास्त उलटा प्रवाह असल्यास तो बिघाड मानतात.

चांगल्या अहवालात पुढील गोष्टी असतात. खोल शिरा मोकळ्या आहेत का आणि जुन्या गुठळीच्या खुणा आहेत का. ग्रेट आणि स्मॉल सॅफिनसमध्ये उलटा प्रवाह कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो. वेगवेगळ्या पातळ्यांवर शिरेची रुंदी किती आहे. शीर सरळ आहे की वळणावळणाची. ती त्वचेपासून किती खोल आहे. आणि खोल व वरवरच्या शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरा गळक्या आहेत का. शक्य असेल तर पायाचे रेखाचित्र काढून त्यावर हे सारे दाखवायला सांगा. ‘व्हेरिकोज व्हेन्स आढळल्या’ एवढ्या एका ओळीच्या अहवालावर कोणत्याही उपचाराला होकार देऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

काही वेळा उगम पायाच्या वर असतो. एकाच, विशेषतः डाव्या पायाला मांडीपर्यंत सूज, जांघेच्या वर किंवा गुप्तांगाजवळ फुगलेल्या शिरा, अनेक बाळंतपणांनंतर ओटीपोटात जडपणा अशी लक्षणे असतील, तर ओटीपोटातील शिरांचीही तपासणी व्हायला हवी. तो उगम तसाच ठेवून पायातील शिरा बंद केल्या, तर आजार लवकर परत येऊ शकतो.

३. भेटीला जाताना सोबत काय न्यावे

- डॉपलरचा अहवाल आणि असल्यास त्याच्या चित्रफिती. जुना अहवालही ठेवा, कारण बदल त्यावरून कळतो.
- सध्याच्या सर्व औषधांची यादी. रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोनची औषधे यांत न विसरता लिहा.
- पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असल्यास त्याची कागदपत्रे, आणि कुटुंबात कोणाला झाली असल्यास ती माहिती.
- अॅलर्जींची नोंद : भूल देण्याचे औषध, चिकटपट्टी, कृत्रिम नखे किंवा पापण्या चिकटवण्याचा डिंक यांचा त्रास झाला असल्यास तो खास सांगा.
- अर्धशिशी, हृदयातील छिद्र, मधुमेह, चालताना पोटरीत गोळा येणे यांची माहिती.
- विमा असल्यास पॉलिसीची प्रत. अनेक विमा कंपन्या लक्षणांची लेखी नोंद, डॉपलरचा अहवाल आणि काही काळ दाबमोजे वापरल्याचा पुरावा मागतात. म्हणून मोज्यांची पावती जपून ठेवा.
- सैल कपडे, आणि संध्याकाळी सुजलेल्या पायाची काही छायाचित्रे, कारण सकाळच्या भेटीत सूज दिसत नाही.

४. पद्धती एकमेकींपासून कुठे वेगळ्या आहेत ते पाहा

*उष्णतेच्या पद्धती : लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी.* दोन्हींत सोनोग्राफीच्या मदतीने सुईने शिरेत शिरून बारीक तार किंवा नळी वर सरकवतात, आणि ती मागे घेत घेत शीर आतून तापवून बंद करतात. टोक जांघेतल्या संगमापासून, म्हणजे वरवरची शीर खोल शिरेला मिळते त्या जागेपासून, साधारण २ सेंटिमीटर किंवा थोडे अधिक खाली ठेवतात, म्हणजे उष्णता खोल शिरेपर्यंत पोहोचत नाही. प्रचलित रेडिओफ्रिक्वेन्सी नळीचा ७ सेंटिमीटरचा भाग १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि प्रत्येक टप्पा २० सेकंदांचा असतो. लेझरमध्ये तरंगलांबी आणि तारेचे टोक यांना महत्त्व आहे : ८१० ते ९८० नॅनोमीटरची जुनी यंत्रे आणि उघड्या टोकाची तार यांच्या तुलनेत १४७० नॅनोमीटरचे यंत्र आणि चहूबाजूंनी ऊर्जा सोडणारी तार यांनी वेदना आणि काळे-निळे डाग कमी होतात. लेझर सुचवले गेले, तर कोणते यंत्र वापरणार ते अवश्य विचारा.

या दोन्हींत शिरेभोवती पातळ केलेल्या भुलेच्या औषधाचे अनेक इंजेक्शन द्यावे लागतात. ते द्रावण पाय बधिर करते, शीर तारेभोवती आवळते आणि आजूबाजूच्या ऊतींना उष्णतेपासून वाचवते. उपचाराचा सगळ्यात त्रासदायक भाग हाच, आणि ग्लूची जाहिरात होते ती मुख्यतः तो टाळता येतो म्हणून. उष्णतेचा दुसरा तोटा मज्जातंतूंशी निगडित आहे. गुडघ्याखाली ग्रेट सॅफिनसच्या आणि पोटरीमागे स्मॉल सॅफिनसच्या अगदी जवळून संवेदनेचे मज्जातंतू जातात. त्यांना चटका बसल्यास त्वचेवर बधिरपणा राहू शकतो. तो बहुधा हळूहळू कमी होतो, पण प्रत्येकाचा पूर्ण जातोच असे नाही.

फायदा मात्र मोठा आहे : सर्वांत दीर्घ काळाचा आणि भक्कम पुरावा याच पद्धतींच्या बाजूने आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत उष्णतेच्या पद्धतींना पहिले स्थान दिले, त्या शक्य नसतील तर फोम, आणि तोही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया असा क्रम लावला. लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सी या दोघांतच निवड करायची असेल, तर माझ्या मते यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हाताचा अनुभव अधिक मोलाचा आहे. शीर बंद राहण्याच्या बाबतीत दोघांत फारसा फरक दिसलेला नाही.

*ग्लू.* यात सायनोअॅक्रिलेट हा वैद्यकीय डिंक थेंबाथेंबाने सोडत आणि बाहेरून दाब देत शीर चिकटवतात. सुई आत घालण्याच्या जागेपुरती भूल पुरते, मज्जातंतूला चटका बसण्याचा प्रश्न नसतो आणि नंतर दाबमोज्यांची गरज बहुतेकदा पडत नाही. अमेरिकेतील ‘व्हीक्लोज’ चाचणीत २२२ रुग्णांमध्ये ग्लूची तुलना रेडिओफ्रिक्वेन्सीशी झाली. तीन महिन्यांनी शीर बंद असण्याचे प्रमाण अनुक्रमे ९९ आणि ९६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. त्या चाचणीत ३ ते १२ मिलिमीटर रुंदीच्या शिरा घेतल्या होत्या, हे फार रुंद शीर असलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

ग्लूबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगितल्या जात नाहीत. पहिली म्हणजे काही रुग्णांना पहिल्या काही आठवड्यांत शिरेच्या मार्गावर लाली, खाज आणि दुखरेपणा येतो. ती शरीराची अॅलर्जीसारखी प्रतिक्रिया असते आणि बहुधा औषधाने शमते. दुसरी म्हणजे हा पदार्थ शरीरात राहतो. क्वचित त्याभोवती गाठ धरल्यास किंवा तीव्र प्रतिक्रिया आल्यास तो भाग शस्त्रक्रियेने काढावा लागू शकतो. सायनोअॅक्रिलेटची अॅलर्जी असलेल्यांनी हा पर्याय घेऊ नये.

*फोम.* पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध हवेत घुसळून, साधारणपणे एक भाग औषध आणि चार भाग हवा या प्रमाणात, फेस करतात आणि सोनोग्राफी पाहत शिरेत सोडतात. साहित्य साधे असते, भूल लागत नाही आणि वळणावळणाच्या शिरांत, पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या शिरांत किंवा जखमेभोवतीच्या जाळ्यात, जिथे तार सरकतच नाही, तिथे फोम पोहोचतो. वयोवृद्ध आणि अन्य आजारांनी थकलेल्या रुग्णांसाठी मला तो खरोखर दयाळू पर्याय वाटतो.

पण मुख्य, सरळ आणि रुंद शिरेसाठी तो टिकाऊपणात मागे पडतो. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांच्या ५८० पायांवर चार पद्धतींची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर शीर उघडी राहून उलटा प्रवाह असलेल्यांचे प्रमाण लेझरमध्ये ५.८ टक्के, रेडिओफ्रिक्वेन्सी आणि शस्त्रक्रियेत प्रत्येकी ४.८ टक्के, तर फोममध्ये १६.३ टक्के होते. त्याच चाचणीत फोम आणि रेडिओफ्रिक्वेन्सीनंतर वेदना कमी होत्या आणि रुग्ण लवकर कामाला लागले, हेही तितकेच खरे. ब्रिटनमधील ७९८ रुग्णांच्या ‘क्लास’ चाचणीतही, २०१९ मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनुसार, लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान फोम घेतलेल्यांपेक्षा चांगले आढळले. म्हणून फोम स्वीकारताना तो पुन्हा घ्यावा लागू शकतो हे आधीच धरून चाला आणि खर्चाचा हिशेबही तसाच करा. त्वचेवर तपकिरी डाग राहू शकतात. काहींना थोडा वेळ नजरेसमोर चमकल्यासारखे होते, खोकला येतो किंवा अर्धशिशी उठते. अर्धशिशी किंवा हृदयातील छिद्राची माहिती सोबत ठेवायला सांगितले ते यासाठीच.

*फिरत्या तारेची पद्धत.* वेगाने फिरणारी तार शिरेचे आतले अस्तर खरवडते आणि त्याच वेळी औषध सोडले जाते. उष्णता नसल्याने शिरेभोवतीची इंजेक्शने टळतात आणि मज्जातंतू सुरक्षित राहतात. परंतु तुलनात्मक चाचण्यांत शीर पुन्हा उघडण्याचे प्रमाण उष्णतेच्या पद्धतींपेक्षा जास्त दिसले आहे.

*फुगलेल्या उपशाखा.* वरीलपैकी कोणतीही पद्धत मुख्य शीर बंद करते. त्वचेवर दिसणारे गुंते त्याने काही प्रमाणात ओसरतात, सगळेच नाहीसे होत नाहीत. ते २-३ मिलिमीटरच्या छिद्रांतून आकड्याने काढता येतात किंवा फोमने बंद करता येतात. हे त्याच बैठकीत करणार की काही महिन्यांनी, आणि त्याचे शुल्क वेगळे आहे का, हे आधी विचारा.

५. आपल्या अहवालाशी पद्धत जुळवून पाहा

मांडीतली शीर सरळ आहे, त्वचेपासून पुरेशी खोल आहे आणि खोल शिरा मोकळ्या आहेत, अशा सर्वसाधारण रुग्णासाठी उष्णतेची पद्धत हा मी पहिला विचार मानते. बिघाड गुडघ्याखाली घोट्यापर्यंत असेल किंवा स्मॉल सॅफिनसमध्ये असेल, तर मज्जातंतूंच्या दृष्टीने ग्लू किंवा फोमची बाजू जड होते. सुयांची पराकोटीची भीती असेल तरीही ग्लूचा विचार योग्य ठरतो. शीर त्वचेला अगदी लागून असेल, तर उष्णतेने त्वचेवर डाग पडू शकतो, आणि ग्लूची कडक दोरी हाताला लागत राहू शकते. तेथे लहान छिद्रांतून शीर काढणे अधिक चांगले.

घोट्याजवळ जखम असेल, तर वाट पाहू नका. ब्रिटनमधील ‘एव्हरा’ चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, ४५० रुग्णांपैकी ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा मध्यम हिशेबाने ५६ दिवसांत भरल्या, तर दाबपट्टी बांधून उपचार लांबवलेल्यांच्या ८२ दिवसांत. ‘आधी जखम भरू द्या, मग शीर पाहू’ असा सल्ला मिळाल्यास हा मुद्दा नम्रपणे पुढे ठेवा.

खोल शिरेत ताजी गुठळी असताना, गरोदरपणात, किंवा रुग्ण अजिबात चालू शकत नसताना हे उपचार सामान्यतः पुढे ढकलले जातात. जुन्या गुठळीने खोल शीर बंद झालेली असेल, तर फुगलेली वरवरची शीरच पर्यायी वाट झालेली असू शकते. अशा वेळी ती बंद करण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.

६. होकार देण्यापूर्वी हे विचारा आणि या फसगती टाळा

एकाच पद्धतीचे यंत्र असलेल्या ठिकाणी प्रत्येक पायाला तीच पद्धत योग्य ठरण्याचा धोका असतो. म्हणून ‘माझ्यासाठी हीच का, आणि दुसरी का नको?’ हा प्रश्न विचारा. उत्तरात तुमच्या अहवालातील रुंदी, मार्ग आणि खोली यांचा उल्लेख यायला हवा. सोनोग्राफी उपचार करणारे डॉक्टर स्वतः करतात का, ते विचारा. शीर पुन्हा उघडल्यास पुढे काय करणार आणि त्याचा खर्च कोणाकडे, तेही लिहून घ्या.

‘कायमचा इलाज’ या शब्दांवर विश्वास ठेवू नका. बंद केलेली शीर बंद राहिली, तरी झडपांची दुर्बलता दुसऱ्या शिरांत पुढे वाढू शकते. दोन्ही पायांच्या सवलतीच्या पॅकेजलाही त्रास नसलेल्या पायासाठी होकार देऊ नका. दाबमोजे विकत घेण्याआधी पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा तपासून घ्या, विशेषतः मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर. रक्तपुरवठा फार कमी असताना घट्ट मोजे पायाला इजा करतात. मापही सकाळी, सूज चढण्यापूर्वी घ्यावे.

७. उपचाराचा दिवस

उभे असताना पायावर पेनने खुणा केल्या जातात. त्रासाची प्रत्येक जागा त्याच वेळी दाखवा, कारण आडवे झाल्यावर शिरा दिसेनाशा होतात. बहुतेकांना पूर्ण भूल लागत नाही. रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने थांबवू नका. काम संपताच अर्धा तास चालायला सांगतात, आणि गाडी चालवायला दुसरे कोणी सोबत असावे.

८. नंतरचे दिवस

मांडीत दोरी ओढल्यासारखे वाटणे, शिरेच्या मार्गावर कडकपणा, काळे-निळे डाग आणि साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांतील दुखरेपणा हे अपेक्षित आहे. रोज चाला, एका जागी फार वेळ उभे राहू नका आणि लांबचा विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत डॉपलर पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरा. शीर बंद झाली का आणि गुठळी खोल शिरेच्या तोंडाशी सरकली आहे का, हे त्यातून कळते.

पोटरीत वाढत जाणारी वेदना, एकाच पायाची अचानक सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे काही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा. उपचार अजून झालेला नसताना फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर लगेच आडवे व्हा, पाय हृदयापेक्षा उंच करा आणि रक्त येते त्या जागी स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या; मांडीला दोरी आवळू नका. उभे राहून किंवा खुर्चीत बसून मदतीची वाट पाहिल्यास रक्तस्राव वाढतो, म्हणून ही कृती घरातील इतरांनाही आधीच सांगून ठेवा.